अर्धं बारसं

माझी मुलगी जन्मल्यापासून श्वास घेताना आवाज करायची. घुरघुर म्हणावी तर तिच्यात शिट्टीही मिसळलेली. बाळाचे डॉक्टर म्हणाले, घसा अजून मऊ आहे, वाढेल तसा घट्ट होईल. सासूबाई जुन्या, खाडीकाठच्या. त्यांनी कौतुकच केलं. "गला मोठा हाय पोरीचा, गानारीन व्हईल." मी सांगत राहिले, उताणी ठेवली की आवाज वाढतो, खांद्यावर घेतली की कमी होतो. सगळ्यांचं एकच म्हणणं, तूच तिला खांद्याची सवय लावलीस. बाळंतिणीचं ऐकतं कोण!

बारशाला उलव्याच्या आमच्या सोसायटीचा हॉल बायकांनी भरला होता. मुलीला पाळण्याखालून, पाळण्यावरून या हातातून त्या हातात दिलं आणि उताणी निजवलं. गाणं सुरू झालं. त्या गलक्यात तिचा आवाज बंद पडलेला कुणाला कळलाच नाही. माझं लक्ष तिच्या ओठांवर होतं. ते जांभळे झाले. धाकटी नणंद कानात नाव सांगायला वाकली होती. तिला ढकलून मी पोरीला उचललं आणि हातावर पालथी धरली. श्वास आला.

तशीच पालथी मांडीवर घेऊन गाडीत बसले. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, नवरा हॉर्नवरून हात काढेना.

हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंनी तिच्या नाकातून बारीक दुर्बीण घातली. जिभेच्या मुळाशी पाण्याची गाठ होती, जन्मतःच. उताणी केली की ती मागे पडून श्वासाची वाट अडवायची.

"गाठ कापणं सोपं आहे," बाई म्हणाल्या. "पण भूल दिल्यावर श्वासाची नळी गाठीच्या कडेने आत जायला हवी. नाही गेली तर गळ्याला भोक पाडावं लागेल. तेवढा वेळ मिळेल की नाही, सांगता येत नाही."

सासूबाईंबरोबर मागोमाग आलेल्या नणंदेला मी म्हटलं, "आत्ता नाव सांग." तो मान आत्याचा.

"हास्पिटलान नको, वैनी. घरा गेल्याव करू."

"आणि घरी गेलीच नाही तर?" मी ओरडले.

ती रडत वाकली आणि कानात नाव सांगितलं. घुरघुरीत मला ते ऐकूच आलं नाही.

नळी गेली. गाठही गेली. पुढे नळी काढून मुलीला माझ्याजवळ आणलं, उताणी निजवलं. खोलीत काहीच आवाज नव्हता. ती जिवंत असल्याची मला त्या घुरघुरीचीच खूण माहीत होती. मी घाबरून तिच्या तळपायाला चिमटा काढला. ती कळवळून रडली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"निजू दे गो तिला," सासूबाई म्हणाल्या.

तिचा डोळा लागला. मी पुन्हा चिमटा काढला.