लायसन्सकाकांची नक्षी

ऑफिसात सगळे त्यांना लायसन्सकाका म्हणत. कुणी विनापरवाना सॉफ्टवेअर वापरताना दिसलं, की त्यांच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा. बायको स्वेटरवरची नक्षी काढायची, तिच्यासाठी एक प्रोग्राम मात्र त्यांनी हौसेने लिहिला होता. ती गेली आणि पाठोपाठ तो जुना कॉम्प्युटरही गेला. आता तिची नक्षी कुठेच उघडेना.

"भाऊजी, लॅपटॉपवर जुन्या मशीनचं सोंग घेणारा इम्युलेटर मिळतो की! त्यात चालवा," मेहुणा फोनवर म्हणाला.

"प्रोग्राममधली रंग भरणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा तयार कोड, विकतची आहे. इम्युलेटरमध्ये चालवायची नाही, असं तिच्या लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलंय."

"अहो, कोण येतंय बघायला?"

"मी बघतोय ना!"

मेहुण्याने कपाळाला हात लावला असणार. काकांनी ती लायब्ररी काढून टाकली आणि रंग भरायचा भाग स्वतः नव्याने लिहायला घेतला. फाइलीत रंगांचे नुसते क्रमांक होते, म्हणून रंग आठवून आठवून बसवले. अखेर इम्युलेटरमध्ये नक्षी उघडली. पानं हिरवी, फुलं जांभळी.

की निळी होती? काका खुर्चीत मागे टेकले. प्रोग्राम बिनचूक चालत होता, पण फुलांचा रंग ज्या एका माणसाला विचारायचा, तेच माणूस उरलं नव्हतं.