रायबाचा दांड

गेल्या महिन्यात मुठ्याहून पोस्टकार्ड आलं. हौसाबाई गेल्या... कार्ड वाचलं आणि चहा तसाच निवत राहिला. या बाईंनी एकदा भर पंचांसमोर एका डोंगराचं नाव राखलं होतं. त्या दिवशी मी जे केलं, त्याची लाज मला अजून वाटते.

दहा-बारा वर्षं झाली असतील. मी मोजणीच्या कचेरीत नवा कारकून होतो. मुठ्याच्या वरचा एक गवताळ दांड, म्हणजे डोंगराची लांबट सोंड, नकाशात घालायचा होता. पलीकडच्या गावचे पाटील म्हणत, हे पाटलाचं कुरण. मुठेकर म्हणत, हा रायबाचा दांड. रायबा म्हणजे हौसाबाईंचे मालक. तिथंच गवत कापताना कड्यावरून पडून गेले, तेव्हापासून दांडाला त्यांचं नाव. जे नाव लागेल, त्या गावची गुरं तिथं चरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटील मोठे बेरकी. त्यांनीच आमच्या साहेबांना सुचवलं, रायबाच्या घरच्या माणसानं पंचांपुढं नाव सांगावं, आम्ही मान्य करू. मुठेकर हुरळून हो म्हणाले. घरचं माणूस एकच उरलं होतं आणि बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा बाई दांडावर येऊन उभ्याही राहिल्या होत्या.

"ह्यो आमच्या ह्यांचा दांड," बाई पदर सावरत म्हणाल्या.

"ह्यांचा म्हंजी कुनाचा?" पाटलांनी विचारलं.

"घरधन्याचा."

"घरधनी घरोघरी हायेत. सायेब, बाईला नाव सांगता येत न्हाई. लिवा पाटलाचं कुरण."

साहेबांनी मला खूण केली. मी टाक दौतीत बुडवला. नोकरी नवी होती. बाईंचे ओठ नुसते थरथरत होते... मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, कड्याकडे तोंड करून दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली, "रायबाऽऽ!"



"त्ये पडले त्या दिशी समदं गाव नावानं हाका मारत फिरलं," त्या वळून म्हणाल्या. "म्या निस्ती अवो, अवो करीत ऱ्हायले. त्यांनी कसं वळखायचं, कोन बोलावतंय? लिवा आता."

मी लिहिलं. खाली नाव सांगणाराचं नाव लिहायचं होतं. साहेब हळूच म्हणाले, "बाईमाणसाचं नको, मुठ्याच्या पोलीस पाटलाचं घाल." मी निमूटपणे घातलं. निघताना बाईंनी विचारलं, "त्यांच्याखाली माजं बी लिवलं का, दादा?"

"हो," मी म्हणालो. त्यांना वाचता येत नव्हतं.

तेव्हापासून दर सुगीला एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती नव्या तांदळाची पुरचुंडी यायची. निरोप एकच, "आमा दोगांचं नाव लिवनाऱ्या दादाला द्या." यंदाची पुरचुंडी अजून फडताळात आहे. बायको रोज विचारते, "आज या तांदळाचा भात लावू का?"... मला हो म्हणवत नाही.