आधी पाहुणी, मग फिल्म

सुदाम आडे यांचे गेल्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, पुसद येथील राहत्या घरी निधन झाले. त्यांनी सत्तरी ओलांडली होती. हृदयविकार जुना होता. त्याच दुपारी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, गजानन काळे यांच्या पाइपच्या शेडमध्ये, त्यांचा दर महिन्याचा माहितीपट दाखवण्याचा कार्यक्रम ठरलेला होता. बातमी मला गजूभाऊंनीच फोनवर दिली. "सर गेले," एवढंच सांगितलं. मग म्हणाले, "लोकायले नाई म्हणून कळवू ना?" लोक म्हणजे सात-आठ जण. त्यातल्या दोघांना निरोप मिळाला नाही. ते उन्हात आले, बंद शटरसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले.

आडे सर पुसदच्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत. जन्म त्याच तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरचा. निवृत्तीनंतर महिन्यातून एका रविवारी ते एसटीने यवतमाळला येत. एका पिशवीत छोटा प्रोजेक्टर आणि दुसऱ्या पिशवीत धुऊन घडी केलेलं मांजरपाट. तोच पडदा. शेडमध्ये त्या दिवशी मशिनी बंद असत, पण तापलेल्या प्लॅस्टिकचा वास राहत असे. पत्र्याखाली पंखा गरम हवाच फिरवायचा. मी वार्ताहर म्हणून पहिल्यांदा गेलो, चार ओळींची बातमी दिली आणि नंतर बातमी नसतानाही जात राहिलो.

त्यांची एक पद्धत होती. कोणताही माहितीपट ते आधी आवाज बंद करून पूर्ण पाहत, मग आवाजासह. आम्हालाही तसाच दाखवत. निवेदक बोलायला लागला की माणूस पाहायचं सोडून ऐकायला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मधेच फिल्म थांबवून ते वर्गात विचारावं तसं विचारत : सावली कोणीकडं पडून राह्यली? मग सूर्य कुठं? वारा कुठून हाय? "माणसाकडं सगळेच पाह्यतात. माणसाच्या मागं काय हाय ते पाहा." लोक कंटाळत. काही जण पुन्हा आले नाहीत. सरांनी पद्धत बदलली नाही.

त्या शेडमध्ये पाहिलेल्या फिल्म इथे कुठल्या थिएटरला लागणाऱ्या नव्हत्या. एक होती कुठल्याशा थंड देशातल्या पोस्टमनची. तो घरोघर पत्रं वाटतो, पण सबंध फिल्ममध्ये एकाही माणसाचा चेहरा दिसत नाही. दिसतात ती दारं, किती उघडतात ते, आणि पत्र घेणारे हात. एक दार शेवटपर्यंत उघडत नाही. तिथे पोस्टमन वाट पाहतो, कॅमेराही पाहतो... आणि आपल्याला त्या घराची काळजी वाटू लागते. दुसऱ्या एका फिल्ममध्ये दिग्दर्शकाने आपल्या झोपलेल्या म्हाताऱ्या वडिलांसमोर कॅमेरा ठेवला आहे. तासभर फक्त झोप. दहा मिनिटांतच मागून आवाज आला, "आमच्या बुढ्याची काढा ना फिल्म सर, तो बी दिवसभर हेच करते." सगळे हसले. सरही हसले. "काढतो. तू चहा पाज फक्त त्याले." पुढे केव्हा तरी हसणं आपोआप थांबलं. पडद्यावर चादर हलते की नाही ते कळत नव्हतं. मघाशी थट्टा करणारा तोच माणूस हळूच म्हणाला, "श्वास घेऊन राह्यला ना तो?" चादर हलली तेव्हा शेडमधले सगळेच सैलावले. मी अनेक वर्षं मृत्यूच्या बातम्या लिहिल्या आहेत. एखादा माणूस जिवंत आहे याची खात्री करायला इतका वेळ मी क्वचितच दिला असेल.

सरांना माहितीपटांचा नाद कसा लागला, हे त्यांनी बऱ्याच उशिरा सांगितलं. ते चार वर्षांचे असताना तांड्यावर एक जीप आली होती. जीपमधल्या लोकांनी कॅमेऱ्याने बायकांचे पाणी आणतानाचे चित्रण केले. त्यात सरांची याडी, म्हणजे आई, धनीबाई, होती. हे वडिलांनी सांगितलेलं. त्याच वर्षी आई गेली. तिचा एकही फोटो नाही. सरांना तिचा चेहरा आठवत नव्हता. ती फिल्म कुठेतरी असेल, एवढंच हाती होतं. म्हणून ते नोकरीत असल्यापासून मिळेल तो माहितीपट पाहू लागले. आधी फक्त भटक्या जमातींवरचे, मग खेड्यांवरचे, मग कोणतेही. "एक बाई शोधता शोधता साऱ्या दुनियेचे लोक पाहून झाले," ते म्हणाले. "तीच तेवढी राह्यली."

फिल्म सापडली ती निवृत्तीनंतर. एका जुन्या विद्यार्थ्याने कुठल्याशा संग्रहातून तिची प्रत मिळवून पेनड्राइव्हवर पाठवली. काळी-पांढरी, दहा-बारा मिनिटांची. निवेदक इंग्रजीत बोलतो, कोणाचंही नाव घेत नाही. मधेच एक बाई येते. डोक्यावर दोन घागरी, दंडापर्यंत बांगड्या, घुंगट हनुवटीपर्यंत ओढलेला. ती उजवीकडून डावीकडे जाते, एकदा थांबून घागर सावरते, आणि निघून जाते. चेहरा दिसत नाही.

सरांनी फिल्म तांड्यावर नेली तेव्हा मी सोबत होतो. समाजमंदिराच्या ओट्यासमोर दोन बांबू रोवून मांजरपाट बांधलं. दिवेलागणीची वेळ होती, पोरंसोरं, बायका, सगळेच जमले. सर्वांत पुढे खेमीबाई, धनीबाईंची धाकटी बहीण, सरांची मावशी. नव्वदीच्या आसपास, दोन्ही बाजूंनी धरून आणलेली. आवाज बंद होता. बाई पडद्यावर आली आणि खेमीबाई कोणाचा आधार न घेता उठल्या.

तांड्यात बऱ्याच काळाने भेटलेल्या दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, आणि ते रडणं गाण्यात असतं. एकीने सुरू केलं की दुसरीने उत्तर द्यायचं, ही रीत आहे. खेमीबाईंनी दोन्ही हात पसरून पडद्याला मिठी मारली आणि सूर लावला. मांजरपाट वरच्या कोपऱ्यात फाटून बांबूवरून खाली आलं. ते त्यांच्याच अंगावर पडलं. घागरी घेतलेली बाई आता त्यांच्या पाठीवरून चालत होती. पडद्याकडून उत्तर येणार नव्हतं. मागच्या बायकांपैकी एकीने उत्तर दिलं, मग दुसरीने... सरांनी प्रोजेक्टर बंद केला नाही. तेवढाच भाग ते पुन्हा पुन्हा लावत राहिले.

नंतर चहा घेताना लालीबाई नावाच्या वृद्धेने स्पष्ट सांगितलं, "धनी अशी नव्हती चालत. ती पाय आपटत चाले. ही दुसरी कोन्ती हाय." खेमीबाई चिडल्या. "तुले मोतीबिंदू हाय, लाली. माही बहीण मले नाई ओयखू येत का?" दोन साक्षी, दोन्ही परस्परविरुद्ध. परतीच्या वाटेवर मी सरांना म्हटलं की संग्रहाकडे चौकशी करू, चित्रीकरण कुठे झालं याची नोंद असेल. ते खिडकीबाहेर पाहत होते. "असू द्या ना पत्रकारसाहेब," ते म्हणाले. "थकलो आता. शोधून झालं."

पुढच्या महिन्याच्या रविवारपासून लोहाऱ्यात प्रत्येक फिल्मच्या आधी तेवढा भाग दाखवला जाऊ लागला. सर काही सांगत नसत. एकदा गजूभाऊंनी विचारलं, "सर, हे पाणीवाली बाई दरखेपी काहून?" सर म्हणाले, "पाहुनी हाय. आधी तिले येऊ देऊ, मग आपलं." नव्याने येणाऱ्यांना ती कार्यक्रमाची खूण वाटत असे. खेमीबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. भाग दाखवणं सुरू राहिलं.

मी सरांना शेवटचं भेटलो ते त्यांच्या मृत्यूच्या महिनाभर आधी. शेडमध्ये आम्ही चौघेच होतो. पायऱ्या चढून त्यांना दम लागला होता. पडदा गजूभाऊंनी बांधला. पोस्टमनची फिल्म पुन्हा लावली. न उघडलेल्या दाराशी त्यांनी थांबवली नाही, काही विचारलंही नाही.

तेरवीनंतर मी पुसदला गेलो. सरांच्या पत्नी सुमित्रावहिनींनी मांजरपाट धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं. वरच्या कोपऱ्याला त्यांनी त्या वेळी टाके घातले होते, ते तसेच आहेत. बोलता बोलता मी संग्रहाकडे विचारायचा विषय काढला. आता तरी नक्की काय ते कळेल, असं म्हणालो.

"त्यायले माहीत होतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पेनड्राइव्ह आली त्याच दिवशी. तीनदा पाह्यली, आवाज बंद करून. मग म्हणे, हे आपली जागा नाई. बाईच्या मागं डोंगर नाई."

"मग तांड्यावर कायले नेली?"

"म्या बी हेच म्हटलं. म्हणे, मावशी थकली, वाट पाहून राह्यली." त्यांनी पडद्याचं एक टोक झटकलं. "अन् मग त्यायलेच तिची सवय झाली."

मी दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेलो. पाण्याची जुनी विहीर अजून आहे, वापरात नाही. विहिरीपासून तांड्यापर्यंतची वाट मी लालीबाईंच्या नातवासोबत दोनदा चाललो. त्या वाटेवर कुठेही उभं राहून कोणत्याही बाजूला पाहिलं तरी डोंगर दिसतो. फिल्ममध्ये बाईच्या मागे सपाट माळ आहे, क्षितिजापर्यंत.

गेल्या रविवारी सुमित्रावहिनी एसटीने यवतमाळला आल्या. सोबत दोन्ही पिशव्या होत्या. लोहाऱ्याच्या शेडमध्ये गजूभाऊंनी पडदा बांधला. त्या दिवशी बंद शटरवरून परत गेलेले दोघेही आले होते. वहिनींनी प्रोजेक्टर लावला, आवाज बंद केला. आधी घागरीवाली बाई दाखवण्यात आली. त्यानंतर फिल्म सुरू झाली.