मेंढरांच्या नावावर घातलेले हादरे

कागद काजळायचं काम माझ्याइतकं सुबक कुणाला जमत नाही, असं मी तेव्हा सांगत असे आणि आजही सांगतो. गुळगुळीत पांढरा कागद ड्रमवर गुंडाळायचा, खाली रॉकेलची चिमणी धरून त्यावर एकसारखी काजळी चढवायची आणि यंत्राची सुई हलकेच टेकवायची. मग ड्रम चोवीस तास फिरे आणि सुई काजळीत पांढरी रेघ ओढत राही. जमीन हलली की रेघ थरथरे. सातारा जिल्ह्यात धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर एक दगडी खोली होती. तिथं हे भूकंपमापक यंत्र आणि मी असे दोघे राहत होतो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मोठ्या भूकंपाला काही वर्षं उलटली होती, पण जमीन अजून अधूनमधून कुरकुरायची.

मी कुंडलचा. घरचा ऊस, दोन भाऊ फौजेत, सांगलीत शिकून मी डिप्लोमावाला. आपण चुकू शकतो, असं वाटायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. नोंदवहीत थरथरीची वेळ आणि उंची लिहायची, एवढंच मला सांगितलेलं होतं. मी आपल्या अकलेनं पुढं एक रकाना आखला, ‘कारण’ असा. बैलगाडी, वारा, सुरुंग, भूकंप. रेघ बघितली की कारण लिहून मोकळा.

त्या हिवाळ्यात कार्यालयातून पत्र आलं. एका अणुवीज केंद्रात अशीच यंत्रं बसणार होती, आणि ती सांभाळायला आमच्या तीन ठाण्यांवरच्या तिघांमधून एक माणूस निवडायला तिथले इंजिनिअर येणार होते. तीन महिन्यांच्या नोंदी बघून ते ठरवणार होते. मला ती जागा हवी होती. एवढी हवी होती की उरलेल्या दोघांचं अक्षर कसं आहे याचीही मी चौकशी करून ठेवली होती. माझं जास्त चांगलं होतं.

दिवाळीनंतर जतकडच्या एका धनगर कुटुंबाची मेंढरं खोलीशेजारच्या शेतात बसली होती. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतात, ती रीतच आहे. चारशे खुरं उठली की माझी सुई नाचायची. मी ‘कारण’ या रकान्यात ‘मेंढरं’ लिहू लागलो. तीन-चारदा डोळ्यांनी खात्री केली. पुढं खिडकीतून बघायचंही सोडून दिलं.

इंजिनिअर यायच्या आदल्या दिवशी त्या कुटुंबातली आज्जी पाणी मागायला आली. मी तांब्या दिला आणि उगाच मोठेपणा मिरवायला एक कागद तिच्यापुढं धरला.

“हे बघा आज्जी. ही तुमची मेंढरं, गेल्या बुधवारची.”

तिनं कागद लांब धरून बघितला. “बुधवारी? बुधवारी मेंढरं हितं कुठं व्हती? वड्याला नेली व्हती, कातरायला. दोन दिस कातरण चाललं व्हतं.”

“मग हे काय आहे?”

“जमीन हालली की बुधवारी. कुत्री उठून बसली. तुमाला कळलं न्हाई व्हय?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

भिंग घेऊन मी रेघ बघितली. एकदम तुटल्यासारखी सुरुवात, दीड सेकंदानं मोठी लाट, मग हळूहळू ओसरत गेलेली थरथर. शिकाऊ पोरानंही भूकंप म्हणून ओळखली असती. मेंढरं अशी उठत नाहीत. एक उठतं, मग दहा, मग सगळी. मला हे माहीत होतं. मी बघितलंच नव्हतं.

आज्जीला बसवून घेतलं आणि ‘मेंढरं’ लिहिलेल्या अकरा नोंदींचे दिवस एकेक करून विचारले. कळप कुठल्या दिवशी कुठं होता हे तिला तोंडपाठ होतं. चार नोंदी भूकंपाच्या निघाल्या.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. दोन दिवसांनी तिचा तळ हलणार होता आणि वही देखणी दिसत होती. शेवटी लाल शाई काढली आणि चारही ठिकाणी रेघ मारून खाली खरं लिहिलं. प्रामाणिकपणा वगैरे मोठा शब्द मी वापरणार नाही. माझ्या अक्षरात खोटं राहणार, हे मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरांनी वही उघडली, आणि लाल शाईवर त्यांचं बोट थांबलं.

“हे कुणाच्या लक्षात आलं?”

“शेजारच्या धनगराच्या आज्जीच्या.”

“आणि त्या पाणी मागायला आल्या नसत्या तर?”

“तर आजही मेंढरंच असती, साहेब.”

त्यांनी चष्मा काढला. “आमच्याकडं जमीन हलली की घंटा वाजते. हादरा खरा की खोटा, हे तिथल्या माणसानं तिथल्या तिथं सांगायचं असतं. लाल शाईला दुसऱ्या दिवशीपर्यंत सवड मिळत नाही. तुम्ही काय कराल?”

या प्रश्नाचं इंग्रजीतलं लांबलचक उत्तर मी आठवडाभर घोकलं होतं. त्यातला एकही शब्द आठवला नाही.

“केंद्र थांबवा म्हणेन,” मी म्हणालो. “मेंढरं नंतर मोजीन.”

ते हसले नाहीत. बाकीची पानं शेवटपर्यंत चाळली आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

“रुजू व्हायला याल तेव्हा या चार पानांची नक्कल घेऊन या,” ते म्हणाले. “तुमच्यानंतर जे कुणी येतील, त्यांना पहिल्या दिवशी हीच दाखवायची.”

जागा मला मिळाली होती. आनंदानं उडी मारावीशी वाटत होती, आणि मान वर होत नव्हती.