खळीतलं मीठ

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. काका असते तर म्हणाले असते, "कागदानं तक्रार केली का?" कुणी लिहायला लाजलं की ते हेच विचारायचे. विचारताना अंगठ्यानं कागद चोळून बघायचे, आपण बाजारात साडीचा पदर बघतो तसा.

इंदिरानगरात त्यांच्याकडे मी स्वयंपाकाला होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नकाशे काढून निवृत्त झालेले, घरात एकटे. तुमच्याही गल्लीत असा कुणी असेल, काहीच फेकू न देणारा. एका बाजूनं कोरे कागद, लग्नपत्रिका, साड्यांचे खोके, सगळं त्यांच्या टेबलावर यायचं. कागद दुमडायचे, दाभणानं भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचे, की झाली वही. पत्रिकेवरचा गणपती पुठ्ठ्याच्या नेमका मध्ये यावा म्हणून अर्धा अर्धा तास पट्टी सरकवत बसायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, दुकानात तीस रुपयाला मिळते की वही."

"मिळते. पण सारखी मिटते. लिहिणाऱ्यानं लिहायचं का वही धरून बसायचं?"

पुठ्ठा चिकटवायची खळ शिजवणं माझ्याकडे. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत राहायचं. शेवटी ते येऊन मोरचूद टाकायचे, कीड लागू नये म्हणून. ते विष, त्यामुळे चाखून बघायची सोय नाही.

एका उन्हाळ्यात शाईपेनाची हौस असणाऱ्या बारा जणांनी त्यांच्या वह्या विकत घेतल्या. पहिल्यांदाच कुणी पैसे मोजले होते. काका दोन दिवस शीळ घालत हिंडले.

श्रावणात एकेक वही परत यायला लागली. पुठ्ठे ओलसर, फुगलेले, कोपऱ्यांतून सुटलेले. काकांनी सगळ्यांचे पैसे परत केले आणि टेबल आवरलं. आपली बोटं थरथरतात, खळ सारखी लागत नाही, आपल्यालाच कळलं नाही, असं म्हणाले. जेवताना बोटांकडेच बघत राहिले.

त्याच आठवड्यात मी भाजीसाठी बरणी उघडली, तर मिठाला पाणी सुटलेलं. मी तिथंच थांबले. पीठ शिजत आलं की माझा हात आपोआप मिठाकडे जातो. खळीतही गेला होता. चिमूटभरानं काय होतंय, म्हणून तेव्हा गप्प बसले होते.

काम जाईल या भीतीनं आणखी चार दिवस गप्प बसले. पाचव्या दिवशी काकांनी दाभण आणि दोऱ्याचं रीळ माझ्या हातात ठेवलं.

"घेऊन जा. गोधडीला होईल. माझे हात गेले आता."

"तुमचे हात नाय गेले, काका. खळीत मी मीठ टाकलं."

"किती?"

"भाजीला टाकते तेवढं."

 काकांनी दाभण माझ्या हातातून परत घेतलं.

"मग फोडणी का नाही दिलीस?"

त्यांनी बाराच्या बारा वह्या पुन्हा बांधल्या. खळ शिजायच्या आधी मिठाची बरणी स्वतः उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवायचे. तेरावी वही माझ्यासाठी केली. मी हे लिहितेय ती हीच.

बारा जणांचे पैसे मी भरते म्हटलं, तर नको म्हणाले. पेनं ठेवायला त्यांनी बांबूचं एक पेर कापलेलं होतं. मी पगारातले थोडे थोडे त्यात टाकत राहिले. त्यांनी कधी विषय काढला नाही.

यंदा काका गेले. निफाडहून त्यांची मुलगी घर आवरायला आली. फेडायचे दोनशे रुपये राहिले होते, ते घेऊन मी गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं बांबू टेबलावर उपडा केला. पेनांच्या खाली माझ्या सगळ्या नोटा तशाच होत्या, घडीसुद्धा न मोडलेल्या.

"मावशी, हे तुम्हीच न्या," ती म्हणाली.

मी त्यांवर दोनशे ठेवले. "आता फिटले," म्हटलं, आणि पेनं एकेक करून बांबूत परत उभी केली.