लहान आतड्यातला ठिपका

मुरुडच्या त्या मावशी मासळी विकायच्या. वर्षभर त्यांना मधूनमधून डांबरासारखी काळी शी व्हायची आणि अंगातलं रक्त उतरायचं. आम्ही रुग्णालयात रक्ताच्या पिशव्या चढवायचो, त्या घरी जायच्या, महिन्याभरात पुन्हा पांढऱ्याफटक होऊन एसटीतून उतरायच्या. तोंडातून दुर्बीण घालून झाली, खालून झाली, सीटी स्कॅन झालं, कशातच काही सापडलं नाही.

"माझं रगत जातंय तरी कुठं, बाय?" त्या मला विचारायच्या.

राहिलं होतं लहान आतडं. ते इतकं लांब, की आमच्याकडची दुर्बीण कुठूनही त्याच्या मधल्या भागापर्यंत पोचत नव्हती. शेवटी सर्जन सरांनी ठरवलं, पोट उघडायचं, आतड्याला छोटा छेद द्यायचा आणि तिथूनच दुर्बीण आत सारायची. आमच्या रुग्णालयात हे पहिल्यांदाच होणार होतं. मी म्हसळ्याजवळच्या शेतकरी घरातली, ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. हत्यारं हातात द्यायला सरांनी मला घेतलं.

"दुर्बीण आत जातानाच नीट बघायचं," त्यांनी आधीच बजावलं. "एकदा ती घासली की सगळीकडे लालच दिसतं."

दुसरे डॉक्टर दुर्बीण चालवत होते आणि सर, परकरात नाडी ओवताना कापड गोळा करावं तसं, आतडं तिच्यावर सरकवत होते. मोठे दिवे मालवलेले. आतल्या उजेडानं आतडं गुलाबी दिसत होतं. वरचा अर्धा भाग स्वच्छ निघाला. मग दुर्बीण खालच्या बाजूला वळवली. माझी नजर पडद्यावर. एका घडीआड टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी लाल दिसलं आणि गेलं.

"सर, थांबा."

"घासलं असेल, सिस्टर."

"नाही सर. दुर्बीण तिथं पोचायच्या आधीच होतं ते."

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "जरा मागे घ्या," ते डॉक्टरांना म्हणाले.

आम्ही थांबलो. काहीच होईना. मग त्या ठिपक्यातून रक्ताची बारीक चिळकांडी उडाली, नाडीच्या ठोक्याबरोबर पुन्हा उडाली.

"टाका द्या," सर म्हणाले. बाहेरून खुणेचा टाका पडला. उरलेलं आतडं तपासून झाल्यावर सरांनी तेवढाच बोटभर तुकडा कापून आतडं जोडलं. ऑपरेशनच्या कागदावर त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलं, 'रक्तस्राव प्रथम सिस्टरांच्या लक्षात आला.' मी ती ओळ तीनदा वाचली.

त्यानंतर मावशींना रक्त चढवावं लागलं नाही. सरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं; तपासणीला आल्या तेव्हा बाहेरच्या रांगेत माझा हात धरून सगळ्यांना सांगत सुटल्या, "हिनंच शोधलान! डोक्टरांना थांबवलान हिनं!"

"अहो मावशी, हळू," मी म्हणत होते. पण हात काही सोडवून घेतला नाही.