आधी पाय, मग गाणं

रेवसकडच्या लग्नांत बेंजो वाजवणारा तो म्हातारा मला वर्षानुवर्षं भेटतो. त्याची बेंजो पार्टीही त्याच्यासारखीच पिकलेली. कुणी फर्माईश केली की तो तोंडाकडे न बघता खाली बघतो. "आधी पाय बघू दे, मग गाणं." सगळ्यांना हवं असतं ते त्यानंच बसवलेलं जुनं गाणं. ते तो शेवटपर्यंत दाबून ठेवतो. लोक चिडतात आणि मग वेड्यासारखे नाचतात.

माझ्या भाच्याच्या वरातीत वाटेवर गावातल्या तात्यांचं घर होतं. तात्या नुकतेच गेलेले. अशा दारावरून वाजप बंद करून जायचं, ही आमची रीत. बाकीच्यांनी वाजप थांबवलं आणि या म्हाताऱ्यानं नेमकं तिथेच ते गाणं धरलं, एकट्यानं, अगदी हळू.

भावोजी धावले. "अरे, दुखवटा हाय त्या घरात."

"ठावं हाय. ह्या गाण्यावर नाचाया पयला तात्याच उतरायचा."

तात्यांची बायको दारात आली. चेहऱ्यावरून काही कळेना. म्हाताऱ्यानं सवयीनं खाली बघितलं, म्हणून मीही बघितलं. उंबऱ्यावर तिचा पाय हलत होता. ठेका धरला होता की संतापानं थरथरत होता, मला अजून सांगता येत नाही.